लाकडाची किंमत, नोंदीची किंमत

डिसेंबर २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात लाकडाची एक बॅट १२ लाख ६५ हजार डॉलरना विकली गेली. १८ एप्रिल १९२३ रोजी यांकी स्टेडियम हे नवे मैदान सुरू झाले, त्या दिवशी बेब रूथ या बेसबॉलपटूने तेथला पहिला होम रन या बॅटीने मारला होता. होम रन म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारखा मैदानाबाहेर टोलवलेला चेंडू. रूथने पुढे या बॅटीवर सही केली आणि लॉस एंजेलिसच्या शाळकरी मुलांच्या एका स्पर्धेत ती बक्षीस म्हणून देऊन टाकली. ज्या मुलाने ती जिंकली, त्याने ती आयुष्यभर जपली.

बेसबॉलची बॅट आपल्या क्रिकेटच्या बॅटीसारखी चपटी नसते. ती मुसळासारखी गोल असते, मुठीकडे बारीक आणि टोकाकडे जाड. नियमाप्रमाणे लांबी ४२ इंचांपेक्षा अधिक चालत नाही. ती अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची असे, अलीकडे मेपलचीही असते. सुतारी यंत्रावर ती काही मिनिटांत तयार होते. मग एका बॅटीची किंमत काही डॉलर आणि दुसरीची लाखो डॉलर, हा फरक कशाचा? लाकूड तेच, कारागिराचे श्रमही तेच. उपयोगमूल्य म्हणाल तर ऐंशी वर्षांच्या जुन्या बॅटीला ते जवळजवळ नाहीच. तिने कोणी खेळणार नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातली श्रमाची आणि उपयोगाची मोजमापे येथे अपुरी पडतात.

खेळाच्या स्मृतिवस्तूंचा हा बाजार अमेरिकेत फार मोठा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ सालचे पुठ्ठ्याचे एक चित्रकार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये रूथने १९३२ च्या अंतिम मालिकेत घातलेला सदरा २ कोटी ४१ लाख डॉलरना विकला गेला. श्रीमंतांचे चोचले म्हणून आपण हे वाचून पान उलटू शकतो. परंतु मला वाटते की या आकड्यांमागे इतिहासाविषयीचा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपला प्रश्न आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हापासून तिकडच्या काळ्या माणसाच्या हकिकतीकडे आपण परकी गोष्ट म्हणून पाहत आलेलो नाही.

२

आधी किंमत ठरते कशी ते पाहू. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरी हिलरिच यांचा लाकूडकामाचा कारखाना होता. १८८४ साली या घरातल्या मुलाने पीट ब्राउनिंग या स्थानिक खेळाडूसाठी बॅट घडवली, अशी त्या कारखान्याची कथा आहे. पुढे ‘लुईव्हिल स्लगर’ हे तिथल्या बॅटींचे नाव अमेरिकाभर झाले. १९०५ साली होनस वॅग्नर या खेळाडूने आपली सही बॅटीवर डागण्याची परवानगी या कारखान्याला दिली. तेव्हापासून मोठ्या खेळाडूचे नाव लाकडावर डागलेले असे.

आजचा जाणकार जुनी बॅट हातात घेतो तेव्हा आधी हा डाग पाहतो. कारखान्याचा शिक्का काळानुसार बदलत गेला, त्यावरून बॅट कोणत्या वर्षांतली ते कळते. मग तो कारखान्याच्या वह्या काढतो. कोणत्या खेळाडूला कोणत्या वर्षी किती लांबीच्या, किती वजनाच्या बॅटी पाठवल्या, याच्या नोंदी तेथे आहेत. खेळाडू कधी आवडती बॅट तशीच दुसरी करून द्या म्हणून परत पाठवत. कारखान्यातला माणूस तिच्या अंगावर तारीख आणि नाव लिहून ठेवी. असे अक्षर सापडले की किंमत कित्येक पटींनी वाढते. त्यानंतर वर्तमानपत्रातली छायाचित्रे. लाकडाच्या शिरा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात, त्या छायाचित्राशी ताडून पाहता येतात. शेवटी वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, त्याची कागदोपत्री साखळी.

खोट्या वस्तूही या बाजारात फार आल्या. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याला बनावट सह्या करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडावी लागली. २००१ पासून तर मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च संघटनेने सामन्यातली वस्तू मैदानावरच तपासून तिच्यावर क्रमांकाची चकाकती पट्टी चिकटवायला सुरुवात केली.

याचा अर्थ स्पष्ट आहे. लिलावात विकली जाते ती नोंद. लाकूड हे त्या नोंदीचे निमित्त असते. ज्याची नोंद झाली त्याच्या वस्तूला किंमत, ज्याची नोंद झाली नाही त्याची वस्तू सरपणात जाते.

अक्षराशी आणि किमतीशी निगडित आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जो जॅक्सन हा दक्षिण कॅरोलिनातल्या कापडगिरणीत लहानपणापासून राबलेला गोरा मुलगा. शाळा त्याला मिळाली नाही, लिहितावाचता येत नव्हते. पुढे तो थोर फलंदाज झाला, पण १९१९ च्या सामन्यांतील लाचप्रकरणात अडकून कायमचा बाहेर फेकला गेला. त्याच्या नावाने येणारी पत्रे आणि सह्या बहुधा बायको लिहीत असे. त्याची ‘ब्लॅक बेट्सी’ ही बॅट २००१ साली ५ लाख ७७ हजार ६१० डॉलरना गेली. त्याच्या स्वतःच्या हातची सही तर अत्यंत दुर्मिळ, म्हणून अत्यंत महाग. गरिबीने ज्याच्या हातात लेखणी दिली नाही, त्याचे निरक्षरपण त्याच्या मृत्यूनंतर बाजाराने विकले. त्या सहीचा पैसा त्याला कधी दिसला नाही.

३

नोंद ही निःपक्षपाती गोष्ट असते, असे आपल्याला शाळेत शिकवतात. बेसबॉलच्या इतिहासातच याला मोठे उत्तर आहे.

हा खेळ इंग्रजांच्या चेंडूफळीच्या जुन्या खेळांतून वाढत गेला. पण विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन अभिमानाला ते रुचेना. १९०५ मध्ये एक समिती नेमण्यात आली. एका वृद्ध गृहस्थाच्या आठवणीवर विसंबून, अबनर डबलडे या माणसाने १८३९ साली कूपर्सटाउन या गावी बेसबॉल शोधून काढला, असा निर्वाळा या समितीच्या कामातून बाहेर आला. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनानी झाला. पण १८३९ साली तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होता. पुराव्याची एवढी मोठी गैरसोय कोणाला अडली नाही. १९३४ साली कूपर्सटाउनजवळच्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या पेटीत, फाटका चेंडू सापडला. गावातल्या एका धनिकाने तो पाच डॉलरना विकत घेतला आणि तो ‘डबलडे चेंडू’ ठरला. त्याच्याभोवती प्रदर्शन उभे राहिले. १९३९ साली तेथे राष्ट्रीय बेसबॉल संग्रहालय आणि नामवंतांचे दालन थाटामाटाने उघडले.

डबलडेची कथा खोटी आहे हे आज इतिहासकार मान्य करतात. पण संग्रहालय त्याच गावी आहे. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये. स्थलमाहात्म्य आधी रचायचे आणि त्याला शोभेल अशी वस्तू नंतर शोधायची, ही पद्धत आपल्या पुराणिकांनाही ठाऊक होती. सत्तेजवळ असलेल्या कथेला पुरावा मिळतो, आणि मिळाला नाही तर तो माळ्यावर सापडतो.

४

आता दुसऱ्या बाजूला जाऊ. १८८४ साली टोलिडोच्या संघातून मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू वरच्या दर्जाचे सामने खेळला. १८८७ मध्ये एका व्यावसायिक लीगच्या मालकांनी ठराव केला की यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करू नयेत. हळूहळू सगळीकडे तीच वहिवाट झाली. मेजर लीगच्या नियमपुस्तकात काळ्यांना बंदी असे कलम लिहिण्याची गरजही पडली नाही. न लिहिलेला नियम किती कडक असतो, हे गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

१९२० साली रूब फॉस्टर या काळ्या खेळाडू-संघटकाने कॅन्सस सिटी येथे सभा घेऊन निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. त्यांचे संघ, त्यांचे पंच, त्यांचे प्रेक्षक. रात्री बसमध्ये झोपायचे, गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळाली नाही तर काळ्या वस्तीत कोणाच्या घरी उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी खेळायचे. या लीगमध्ये जॉश गिब्सन खेळला. जॉर्जियात १९११ साली जन्मलेला, पिट्सबर्गला वाढलेला हा यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा खेळाडू आणि प्रचंड ताकदीचा फलंदाज. लोक त्याला काळा बेब रूथ म्हणत. काही जण उलट म्हणत की रूथ हाच गोरा जॉश गिब्सन आहे.

२० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी गिब्सन वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीगची वर्णबंदी मोडली. गिब्सनच्या थडग्यावर मात्र कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता.

गिब्सनने किती होम रन मारले? या प्रश्नाला वर्षानुवर्षे दंतकथेनेच उत्तर मिळत आले. कोणी ८०० च्या आसपास सांगे, कोणी त्याहून अधिक. गोऱ्या वर्तमानपत्रांनी हे सामने क्वचितच छापले. छापले ते ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ यांसारख्या काळ्यांच्या साप्ताहिकांनी. तुटपुंज्या पैशांत चालणाऱ्या या पत्रांनी शक्य तेवढे धावफलक छापले. कुरियरचा छायाचित्रकार टीनी हॅरिस याने पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीचे आयुष्य टिपले. त्याच्या सुमारे ८० हजार निगेटिव्ह आज कार्नेगी कलासंग्रहालयात आहेत. उद्याच्या इतिहासासाठी आपण पुरावा जमवतो आहोत, असे त्या बातमीदारांना वाटले असेल वा नसेल. पण झाले ते तसेच.

संशोधकांनी या जुन्या साप्ताहिकांची पाने चाळून एकेक सामना जुळवला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने जाहीर केले की १९२० ते १९४८ मधल्या निग्रो लीगनाही सर्वोच्च दर्जाच्या लीग मानले जाईल. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत कोष्टकात आले. उपलब्ध झालेल्या नोंदी सुमारे तीन-चतुर्थांश सामन्यांच्याच आहेत. तरीही गिब्सनची कारकिर्दीची सरासरी ०.३७२ भरली आणि टाय कॉबची ०.३६७ ही सरासरी मागे पडली. मृत्यूनंतर ७७ वर्षांनी तो कोष्टकाच्या पहिल्या ओळीवर आला.

येथे भाबडेपणाने टाळ्या वाजवू नयेत. गिब्सन वारला तेव्हाही त्याची सरासरी तीच होती. २०२४ मध्ये तिच्यात काहीच भर पडली नाही. बदलली ती वही कोणाच्या हातात आहे ही गोष्ट.

५

रॉबिन्सनचे काय? १९४७ मध्ये त्याला वर्षाचे ५ हजार डॉलर मिळाले, म्हणजे त्या वेळचा किमान पगार. तो ज्या काळ्या संघातून आला, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सला डॉजर्सने एक डॉलरही दिला नाही. काळ्या संघाशी खेळाडूचा करार असतो, आणि त्या कराराला किंमत असते, हेच त्यांनी मानले नाही. त्याच वर्षी न्यूअर्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅनली यांनी भांडून लॅरी डोबीसाठी १५ हजार डॉलर मिळवले. गोऱ्या खेळाडूसाठी याहून कितीतरी मोठी रक्कम दिली असती, हे त्यांनी तोंडावर सुनावले होते. चांगले खेळाडू तिकडे गेले, त्यांच्यामागून प्रेक्षक गेले, आणि थोड्याच वर्षांत निग्रो लीग संपल्या. एक दार उघडले, पण ज्यांनी स्वतःचे घर बांधले होते त्यांना त्या घराचा मोबदला मिळाला नाही.

१९४९ च्या ऑल-स्टार सामन्यात प्रथमच काळे खेळाडू खेळले. त्या सामन्यासाठीची रॉबिन्सनची बॅट २०२२ मध्ये १० लाख ८० हजार डॉलरना विकली गेली. एके काळी ज्याच्या अंगावर शिव्या आणि धमक्या फेकल्या गेल्या, त्याच्या हातातले लाकूड आज तिजोरीत ठेवतात. ही गोष्ट लहान नाही. परंतु बाजार एका रॉबिन्सनला किंमत देतो तेव्हा जे हजारो दाराबाहेरच राहिले त्यांचा हिशेब होत नाही. पहिला असण्याला किंमत आहे, कारण पहिला दुर्मिळ असतो. तो दुर्मिळ का झाला, हे लिलावाच्या पुस्तिकेत लिहिलेले नसते. साठ वर्षे बाकीच्यांना बाहेर ठेवले म्हणून तो ‘पहिला’ झाला.

६

हँक आरन या खेळाडूची हकिकत आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. १९५२ साली तो इंडियानापोलिस क्लाउन्स या काळ्या संघात होता. वॉशिंग्टनला मैदानामागच्या एका उपाहारगृहात या मुलांनी न्याहारी केली. ते उठल्यावर आतून आवाज आला. ज्या बशांतून ते जेवले होते, त्या फोडल्या जात होत्या. आरनने ही आठवण पुढे आपल्या आत्मचरित्रात सांगितली.

त्याहून चाळीसएक वर्षे आधी पुण्यात आणि मुंबईत दुसरा एक खेळाडू खेळत होता. पालवणकर बाळू. चांभार समाजातला हा तरुण पुण्याच्या युरोपियन क्लबात मैदानाची निगा राखण्याचे काम करी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याच्या डावखुऱ्या फिरकीवाचून हिंदूंच्या संघाला जिंकता येईना, म्हणून त्याला घेतले. मैदानात त्याने अडवलेला चेंडू सवर्ण खेळाडू हाती घेत. पण चहाच्या वेळी बाकीचे चिनी मातीच्या कपांतून पीत आणि बाळूला पॅव्हिलियनबाहेर साध्या मातीच्या भांड्यातून चहा मिळे. ते भांडे पिऊन झाले की फेकून द्यायचे. याच बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले.

वॉशिंग्टनची बशी आणि पुण्याचे मातीचे भांडे. दोन्ही वस्तू फोडल्या गेल्या. अस्पृश्यता आणि वर्णद्वेष आपला पुरावा स्वतःच्या हाताने नष्ट करतात. विटाळ पुसण्यासाठी जे फोडतात, तोच अन्यायाचा दस्तऐवज असतो. रूथची बॅट उरली, बाळूचे भांडे उरणे शक्यच नव्हते. मग उरते काय? शब्द उरतो. बाळूचा धाकटा भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये हिंदू संघाचा कर्णधार झाला. त्याने १९४८ मध्ये ‘माझे क्रीडाजीवन’ लिहिले. आज या भावंडांविषयी इतिहासकार जे लिहितात, त्यातले बरेच त्या मराठी पुस्तकाच्या आधाराने. ते लिहिले नसते तर?

बाळू पुढे राजकारणात बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूस उभा राहिला. १९३७ च्या निवडणुकीत त्याने त्यांच्याविरुद्ध लढत दिली आणि तो हरला. हा मतभेद झाकण्याचे कारण नाही. पण मतभेद झाला म्हणून ते भांडे विसरणे हा आपणच आपल्या वहीतले पान फाडण्याचा प्रकार होईल.

७

आरनने आणखी एक गोष्ट केली. १९७४ मध्ये तो रूथच्या ७१४ होम रनच्या विक्रमाजवळ पोचला, तेव्हा त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची आणि जातिवाचक शिव्यांची पत्रे ढिगांनी आली. ८ एप्रिल १९७४ रोजी त्याने ७१५ वा होम रन मारला. ती पत्रे त्याने जाळली नाहीत. ती त्याने सांभाळून ठेवली, कारण हे घडले होते हे लोक विसरतील, अशी त्याला शंका होती.

१९९० साली कॅन्सस सिटी येथे जुन्या खेळाडूंनी आणि त्यांच्या मित्रांनी निग्रो लीग बेसबॉल संग्रहालय उभे केले. आरंभी त्यांच्याकडे लहानशी जागा होती. जॉर्जियात रॉबिन्सनच्या जन्मस्थळी लावलेल्या फलकावर कोणी बंदुकीच्या गोळ्या झाडल्या, २०२१ मध्ये ते उघडकीस आले. तो भोके पडलेला फलक आज या संग्रहालयात आहे. जानेवारी २०२४ मध्ये विचिटा शहरातला रॉबिन्सनचा ब्राँझचा पुतळा घोट्यापासून कापून चोरीला गेला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे चोरांना भंगाराचा पैसा हवा होता, द्वेष हे कारण नव्हते. म्हणजे त्यांच्या लेखी त्या माणसाची किंमत वजनावर होती. चौथऱ्यावर उरले फक्त बूट. ते बूटही संग्रहालयात दिले गेले. पुतळ्याची विटंबना झाली की ती जागा धुऊन पूर्ववत करायची आणि विसरायचे, ही आपली सवय. तेथे त्यांनी जखमच जपली.

आपल्याकडेही हे काम अजिबात झाले नाही असे नाही. नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू कार्यकर्त्यांनी जपून ठेवल्या आहेत. पण महापुरुषाच्या वस्तूंपलीकडे आपली नजर जात नाही. वस्तीतल्या कुस्तीगिराचा जांघिया, कबड्डी संघाचा फाटका फोटो, जलशातल्या ढोलकीचा तुटका कडा, मोर्च्याची पत्रके, वसतिगृहाच्या हजेरीची वही, शाळेतून काढून टाकल्याचा दाखला; या वस्तूंना आज कोणी पाच रुपये देणार नाही. रूथची बॅटही एका शाळकरी मुलाच्या घरी वर्षानुवर्षे अशीच पडून होती. फरक एवढाच, की ती कोणाची आणि कोणत्या दिवसाची, हे त्या घराला माहीत होते.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. घरातली पेटी उघडा. जे सापडेल त्याच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून लिहा. कारखान्यातल्या अनाम कामगाराने बॅटीवर लिहिलेल्या दोन शब्दांमुळे ऐंशी वर्षांनी किंमत ठरते, हे आपण पाहिले. आपल्याला लिलाव करायचा नाही. पण उद्या कोणी विचारले की तुमच्या सांगण्याला पुरावा काय, तेव्हा आपल्या हातात निदान ते भांडे फोडल्याची नोंद तरी असली पाहिजे.